आयर्लंडमध्ये कामाआधीची भटकंती: कामाच्या सकाळपासून उलटे मोजत आखणी कशी करावी

कंपनीने डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवे येथे आठवडाभराच्या बैठकांसाठी पाठवायचे ठरवले की बहुतेकांच्या मनात येते, एवढे लांब जातोच आहोत तर तीन-चार दिवस आधी निघून थोडे फिरून घेऊ. विचार रास्त आहे. चूक पुढे होते. विमान उतरल्यापासून पुढे मोजत यादी केली जाते, प्रत्येक दिवशी एक नवे गाव कोंबले जाते, सर्वांत लांबचे ठिकाण शेवटच्या दिवशी ठेवले जाते, आणि सोमवारी सकाळी नऊच्या बैठकीला रविवारी रात्री उशिराच्या बसने परतलेला, चुरगळलेल्या शर्टातला, झोप अपुरी राहिलेला माणूस हजर होतो. खाली सगळी आखणी उलट्या दिशेने केली आहे. भारतीय पारपत्र, मुंबई किंवा पुण्याहून निघणे, हाताशी तीन-चार दिवस आणि स्वतःची गाडी नाही, असे येथे गृहीत धरले आहे.

## टप्पा १: व्हिसाच्या अर्जातच फिरण्याचे दिवस दाखवावेत

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. त्यामुळे पारपत्रावर जर्मनीचा किंवा फ्रान्सचा शेंगेन व्हिसा असला तरी तो येथे चालत नाही. आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी ‘सी’ प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा असतो. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, त्याचा सारांश छापून त्यावर सही करायची आणि मग तो मूळ कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात द्यायचा, असा क्रम आहे. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. कंपनीकडून पत्र यायला नेहमीच उशीर होतो, हे लक्षात घेऊन त्या पत्राची मागणी सर्वांत आधी करावी.

या पत्रातच बहुतेकांची गफलत होते. त्यात फक्त बैठकीच्या तारखा असतात आणि अर्जात मात्र प्रवासाची तारीख चार दिवस आधीची असते. अर्ज तपासणाऱ्याला हा फरक दिसतो आणि त्याचा खुलासा कुठेच सापडत नाही. म्हणून पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: कामाचे दिवस कोणते, त्याआधीचे रजेचे दिवस कोणते, आणि कोणत्या दिवसांचा खर्च कंपनी करणार व कोणत्या दिवसांचा कर्मचारी स्वतः करणार. स्वतःच्या दिवसांसाठी बँकेचा तपशील आणि मुक्कामाची आरक्षणे जोडावीत. बैठका, वाटाघाटी किंवा परिषद यांसाठी जाणे वेगळे आणि तेथे बसून प्रत्यक्ष काम करणे वेगळे. दुसऱ्यासाठी निराळी परवानगी लागू शकते. आपले जाणे नेमके कशात मोडते, हे कंपनीच्या संबंधित विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच असे नव्हे. किती दिवस राहता येईल, हे विमानतळावरील अधिकारी शिक्का मारताना ठरवतात.

इशारा: उत्तरेकडील सीमा दिसत नाही, पण ती आहे. डब्लिनहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींमध्ये बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे यांची जाहिरात सर्वत्र असते. ही ठिकाणे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत येतात. रस्त्यावर फाटक नाही, चौकी नाही. फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात. तरीही भारतीय पारपत्रधारकाला तिकडे जाण्यासाठी ब्रिटनची परवानगी लागते आणि सीमेवरील बसमध्ये कागदपत्रे तपासलीही जातात. ब्रिटिश-आयरिश संयुक्त योजनेची ‘बी-आय-व्ही-एस’ ही अक्षरे व्हिसावर असतील, तर आधी आयर्लंडमध्ये प्रवेश करून, तेथे मिळालेल्या मुदतीत तिकडे जाता येते. अक्षरे नसतील तर सहलीचे तिकीट कितीही स्वस्त असले तरी ते काढू नये. कामासाठी आलेल्या माणसाने अशा जागी धोका पत्करण्यात काहीच शहाणपण नाही.

प्रवास बहुधा दुबई, अबू धाबी, दोहा किंवा लंडनमार्गे होतो. लंडन किंवा युरोपातील एखाद्या विमानतळावर विमान बदलायचे असेल, तर विमानतळाबाहेर न पडताही तेथील नियम लागू होतात का, हे तिकीट काढण्याआधी पाहावे. नंतर पाहून उपयोग नाही.

## टप्पा २: दिवस उलटे मोजावेत

समजा, सोमवारी सकाळी नऊ वाजता डब्लिनमध्ये बैठक आहे आणि विमान गुरुवारी दुपारी उतरते. कागदावर सोमवार सकाळ सर्वांत वर लिहावी आणि खाली उतरत यावे.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता कामाच्या शहरातील खोलीत पोहोचलेले असावे, ही अट मोडू नये. रविवारी गाड्या कमी असतात, पहिली गाडी उशिरा सुटते, आणि लहान गावांत जेवणघरांची स्वयंपाकघरे लवकर बंद होतात. म्हणजे रविवारी हाती फक्त सकाळ उरते. शनिवार हा एकमेव पूर्ण दिवस. ज्या गोष्टीसाठी जीव तुटतो ती शनिवारी ठेवावी. शुक्रवारचा अर्धा दिवस गावाला पोहोचण्यात जातो. गुरुवार मोजूच नये. ज्याला आपण चार दिवस म्हणतो ते प्रत्यक्षात एक पूर्ण आणि दोन अर्धे दिवस असतात. हे एकदा मान्य केले की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

शरीराचे घड्याळही याच हिशेबात धरावे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आयर्लंड भारताच्या साडेचार तास मागे असते, उरलेल्या काळात साडेपाच तास. उन्हाळ्यात तेथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे टक्क जाग येते आणि संध्याकाळी सात वाजता डोळे मिटू लागतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत रात्रीचा कोणताही कार्यक्रम ठरवू नये. गंमत अशी की पहाटे जाग येऊनही उपयोग मर्यादित असतो, कारण बहुतेक प्रेक्षणीय स्थळे नऊ-दहाच्या आत उघडत नाहीत. तो वेळ पायी फिरण्यासाठी ठेवावा. मोकळ्या रस्त्यांवरचे गाव पुढे दिवसभर तसे दिसत नाही.

ऋतूचा फरक मोठा आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरच्या मध्यावर डब्लिनमध्ये सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. हिवाळ्यात वरच्या हिशेबातील अर्ध्या दिवसाला पाव दिवस समजावे.

तपासणी: आपल्या तारखांत बँक हॉलिडे येतो का? फेब्रुवारीच्या सुरुवातीचा, मे, जून व ऑगस्टचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार, ईस्टरचा सोमवार आणि १७ मार्च या दिवसांच्या आसपास खोल्या महागतात आणि रेल्वेमार्गांवर दुरुस्तीची कामेही याच काळात काढली जातात. गॉलवेमध्ये जुलैअखेरीस घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो आणि कॉर्कमध्ये ऑक्टोबरअखेरीस जॅझ महोत्सव. त्या काळात ही गावे टाळावीत. २५ डिसेंबरला सार्वजनिक वाहतूक जवळजवळ पूर्ण थांबते.

## टप्पा ३: गावे कामाच्या शहरावरून निवडावीत

नकाशा येथे फसवतो. आयर्लंड प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे. ते पाहून वाटते की कुठूनही कुठेही दोन तासांत जाता येईल. पण रेल्वेचे बहुतेक मार्ग डब्लिनमधून चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पडतात. दोन आऱ्यांच्या टोकांना जोडणारी धाव, म्हणजे चाकाची बाहेरची कड, फारशी नाही. डब्लिनहून कॉर्क अडीच तास, डब्लिनहून गॉलवेही अडीच तास, पण गॉलवेहून कॉर्कला जायचे म्हटले तर थेट गाडी नाही आणि बसनेही बराच वेळ जातो. म्हणून कामाच्या शहरातून निघणाऱ्या एकाच आऱ्यावरची गावे घ्यावीत.

काम डब्लिनमध्ये असल्यास तीन रात्री हाती असतील तर गॉलवे, दोनच असतील तर किलकेनी. दोन्ही एकाच खेपेत करू नयेत. किलकेनी हे डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकाहून वॉटरफर्डकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे दीड तासावर आहे आणि गाव एवढे आटोपशीर आहे की स्थानकाबाहेर पडल्यावर वाहनाची गरजच लागत नाही. गॉलवेसाठी रेल्वेखेरीज डब्लिन विमानतळावरून थेट बसही मिळतात, त्यामुळे एक मार्ग बंद पडला तरी दुसरा उरतो. हा पर्याय कामाआधीच्या प्रवासात फार मोलाचा आहे.

काम कॉर्कमध्ये असल्यास दोन रीती आहेत. पहिली: डब्लिनहून किलकेनी, तेथून त्याच रेल्वेने पस्तीस-चाळीस मिनिटांवर वॉटरफर्ड आणि तेथून बसने कॉर्क. दुसरी: थेट कॉर्कला जाऊन एकाच खोलीत सामान टाकायचे आणि कोव्ह व किन्सेल ही गावे तेथूनच जाऊन-येऊन पाहायची. मला दुसरी अधिक पसंत आहे. रोज बॅग भरण्यात आणि खोली मिळण्याची वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी करत नाही. करून पाहिला तर तो अर्ध्या दिवसाहून कमी भरत नाही.

काम गॉलवेमध्ये असल्यास वाटेत लिमरिकला एक रात्र राहून, एनिसवरून जाणाऱ्या रेल्वेने गॉलवे गाठावे. हा पश्चिमेकडचा मार्ग २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि चाकाच्या धावेचा उरलेला तुकडा म्हणावा असा तो आहे.

इशारा: ‘लिमरिक जंक्शन’ म्हणजे लिमरिक नव्हे. हे स्थानक टिपरेरी परगण्यात, लिमरिक शहरापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे आणि तेथे केवळ गाडी बदलायची असते. तेथे उतरून स्थानकाबाहेर गाव शोधणारे प्रवासी दर आठवड्याला दिसत असावेत. तिकिटावरचे अंतिम स्थानक ‘लिमरिक कोल्बर्ट’ असल्याची खात्री करावी. त्याचप्रमाणे डब्लिनमध्येही दोन मोठी स्थानके आहेत: कॉर्क, गॉलवे, लिमरिक, किलकेनी आणि वॉटरफर्डच्या गाड्या प्रामुख्याने ह्यूस्टनहून सुटतात, तर स्लायगो, वेक्सफर्ड आणि बेलफास्टच्या कॉनलीहून. दोन्हींच्या मध्ये ट्राम आहे, पण चुकीच्या स्थानकावर पोहोचल्यास ठरलेली गाडी बहुधा जातेच.

भाड्याने मोटार घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तेथेही वाहने डावीकडूनच चालतात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेल्या अरुंद रस्त्यांवर, तेही कामाच्या तोंडावर, हा मोह आवरावा.

कॉर्कला जाणाऱ्या काहींना अहाकिस्ता येथील स्मारकाला जावेसे वाटते. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ हे एअर इंडियाचे विमान याच किनाऱ्याजवळच्या समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ जण मरण पावले; त्यांचे हे स्मारक आहे. ते कॉर्क शहरापासून बरेच पश्चिमेला असून तेथे स्वतंत्र वाहनाशिवाय पोहोचणे अवघड आहे. जायचे असेल तर शनिवारचा पूर्ण दिवस त्यालाच द्यावा, इतर काही जोडू नये.

## टप्पा ४: आरक्षणांचा क्रम

आधी कामाच्या शहरातील रविवार रात्रीची खोली पक्की करावी. कंपनी बहुधा सोमवारपासूनची खोली देते आणि रविवारची रात्र दोघांच्याही यादीतून निसटते. त्यानंतर गावातील खोली, तीही रद्द करता येण्याजोगी. मग रेल्वे. रेल्वेची तिकिटे ऑनलाइन आधी काढल्यास स्वस्त पडतात, मात्र सर्वांत स्वस्त तिकीट ठरावीक गाडीपुरतेच असते, म्हणून विमान उतरण्याच्या दिवसासाठी ते काढू नये. विमानाला उशीर झाला तर ते पैसे बुडतात. शुक्रवार आणि रविवारसाठी काढायला हरकत नाही. आरक्षित आसनावर आपले नाव पडद्यावर दिसते. तेथे दुसरे कोणी बसले असेल तर शांतपणे सांगावे, बहुतेक जण लगेच उठतात.

शेवटी प्रवेशतिकिटे. डब्लिनमधील किल्मेनहॅम तुरुंग हा फक्त मार्गदर्शकासोबत पाहता येतो आणि त्याची तिकिटे साधारण चार आठवडे आधी खुली होऊन भराभर संपतात. ड्रोहेडाजवळच्या न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक थडग्याकडे थेट जाता येत नाही. ब्रू ना बोइन्या अभ्यागत केंद्रातूनच बसने नेतात आणि उन्हाळ्यात आधी आरक्षण नसेल तर परत फिरावे लागते. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील ‘केल्सचा ग्रंथ’ हे मध्ययुगीन सचित्र हस्तलिखित पाहण्यासाठीही वेळ ठरलेली असते. किलकेनी, गॉलवे आणि कोव्हमध्ये मात्र एवढी धावपळ नसते, आणि कामाआधीच्या भटकंतीसाठी ती गावे सोयीची वाटतात याचे हे एक मोठे कारण आहे.

तपासणी: प्रत्येक मुक्कामाचा ‘एअरकोड’ लिहून घेतला का? सात अक्षर-अंकांचा हा टपाल संकेतांक तेथे प्रत्येक पत्त्याला वेगळा असतो. एकाच नावाचे दोन रस्ते किंवा दोन अतिथिगृहे असली तरी फोनच्या नकाशात एअरकोड टाकला की नेमके दार सापडते.

## टप्पा ५: बॅग भरणे

बैठकीचा एक पूर्ण पोशाख, बूट, लॅपटॉप आणि औषधे विमानात जवळ ठेवायच्या बॅगेतच असावीत. मोठी बॅग वाटेत हरवली तर फिरायचे कपडे विकत घेता येतात. मापाचा कोट रविवारी संध्याकाळी मिळत नाही. छत्रीपेक्षा टोपीचा पाऊसकोट न्यावा, कारण पश्चिम किनाऱ्यावरील वारा छत्री पहिल्याच वळणावर उलटी करतो. ऑफिसचे बूट फिरताना घालू नयेत; एकदा भिजलेले चामडे दमट खोलीत दोन दिवसांत सुकत नाही. तेथील विजेची सॉकेट्स ब्रिटनसारखी तीन चौकोनी पिनांची असतात. आपले गोल पिनांचे प्लग त्यांत बसत नाहीत, म्हणून दोन अडॅप्टर न्यावेत.

इशारा: खाऊचा डबा. भारतातून युरोपीय संघात दूध, मांस आणि त्यांपासून केलेले पदार्थ प्रवासी सामानातून नेण्यास मनाई आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी, श्रीखंडवडी हे सगळे त्यात येते. ताजा कढीपत्ता आणि बहुतेक ताजी फळेही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. आईने कितीही प्रेमाने डबा बांधला असला तरी तूप घरीच ठेवावे. चिवडा, बाकरवडी, मेतकूट किंवा कोरडी चटणी नेण्यास अडचण येत नाही.

प्रवास विमा कंपनीने काढलेला असेल तर तो फक्त कामाच्या दिवसांपुरता आहे का, हे विचारावे. अनेकदा तसेच असते. मधल्या खासगी दिवसांसाठी स्वतःचा विमा काढावा.

## टप्पा ६: उतरण्याचा दिवस

विमानतळावरील अधिकारी कशासाठी आलात असे विचारतात, तेव्हा काम आणि फिरणे दोन्ही सांगावे आणि अर्जात लिहिले होते तेच सांगावे. कंपनीचे पत्र, आरक्षणे आणि परतीचे तिकीट छापील स्वरूपात हातात असावे. फोनची बॅटरी संपली ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

डब्लिन विमानतळाला रेल्वे नाही. शहर सुमारे दहा किलोमीटरवर आहे आणि बसने किंवा टॅक्सीने जावे लागते. विमानतळावरील दुकानातून लीप कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचे प्रवासकार्ड, घ्यावे. डब्लिनच्या शहर बसमध्ये रोख द्यायचे असल्यास नेमकी नाणी लागतात. नोटा घेत नाहीत आणि सुटे परत देत नाहीत. हेच कार्ड ट्राम, ‘डार्ट’ ही डब्लिनची उपनगरी रेल्वे आणि कॉर्क, गॉलवे, लिमरिक, वॉटरफर्डच्या शहर बसमध्येही चालते. बसथांब्यावर नुसते उभे राहिल्यास बस थांबेलच असे नाही, हात करावा लागतो. बसच्या पाटीवर ‘अन लार’ असे आयरिश शब्द दिसले तर ते गावाचे नाव नसून ‘शहराचा मध्यभाग’ असा त्याचा अर्थ आहे.

खोल्या बहुधा दुपारी दोन-तीननंतर मिळतात, पण सामान आधी ठेवून घेतात. ते ठेवून बाहेर उजेडात चालावे. मी स्वतः पहिल्या खेपेला दुपारी चार वाजता ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून आडवा झालो आणि रात्री एक वाजता जागा झालो. पुढचे दोन दिवस त्यातून सावरण्यात गेले. डब्लिनमध्ये असाल तर चेस्टर बीटी संग्रहालय या दिवसासाठी उत्तम आहे. ते डब्लिन किल्ल्याच्या आवारात आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आरक्षण लागत नाही, आणि तेथील मुघल लघुचित्रे पाहताना दमल्यावर बसायला जागाही मिळते. रात्री नऊपर्यंत कसेही करून जागे राहावे.

## टप्पा ७: गावात फिरण्याचा क्रम

सर्व गावांना लागू पडणारा नियम असा की उंच आणि उघड्या जागा कोरड्या वेळेत आधी उरकाव्यात, छताखालची ठिकाणे पावसासाठी राखून ठेवावीत. लोक नेमके उलट करतात: सकाळी ऊन असताना संग्रहालयात शिरतात आणि दुपारी पावसात मनोऱ्याखाली उभे राहतात.

किलकेनी. सेंट कॅनिस कॅथेड्रलशेजारचा गोल मनोरा आतून शिड्यांनी चढता येतो, पण हवा खराब असली की तो बंद ठेवतात. म्हणून कोरडी सकाळ मिळाली तर आधी तेथे जावे, मग मध्ययुगीन रस्त्याने खाली येत रोथ हाउस आणि शेवटी किल्ला पाहावा. किल्ल्यामागचे उद्यान विनामूल्य आहे. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेपूर्वीच थांबवतात, हे येथे आणि इतरत्रही लक्षात ठेवावे.

गॉलवे. स्थानक आणि बसस्थानक दोन्ही आयर चौकाला लागून आहेत. चौकातून शॉप स्ट्रीट, क्वे स्ट्रीट करत स्पॅनिश आर्चपर्यंत पायी पंधरा मिनिटे लागतात आणि जवळजवळ सगळे गाव याच रेषेवर आहे. तेथून समुद्राकडेने सॉल्टहिलच्या फिरण्याच्या रस्त्यावर जावे. त्याच्या टोकाला भिंतीवर पाय मारून परत फिरण्याची स्थानिकांची रीत आहे, तीही पाळावी. मोहरचे कडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत आणि गॉलवेहून बसच्या सहलीने त्यांना पूर्ण दिवस लागतो, म्हणून तो शनिवारचाच कार्यक्रम. कड्याच्या काठाला छायाचित्रासाठी कुंपणापलीकडे जाऊ नये.

इशारा: अरन बेटांची फेरी कामाच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नये. वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि माणूस बेटावरच अडकतो.

कॉर्क आणि कोव्ह. इंग्लिश मार्केट रविवारी बंद असते, तेव्हा ते शनिवारी सकाळी पाहावे. शँडनच्या मनोऱ्यात पर्यटकांना स्वतः घंटा वाजवता येतात. या मनोऱ्याच्या चार बाजूंच्या घड्याळांना गावकरी ‘चार तोंडांचा खोटारडा’ म्हणतात, कारण चारही काटे क्वचितच जुळतात. गाडीची वेळ त्यावर पाहू नये. सॉफ्टवेअरच्या कामासाठी येणाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारातही एक चक्कर टाकावी: ज्याच्या नावाने बूलीय तर्क ओळखला जातो तो जॉर्ज बूल १८४९ पासून येथेच गणित शिकवत होता. कोव्हला जाणारी रेल्वे केंट स्थानकावरून सुटते आणि सुमारे पंचवीस मिनिटांत पोहोचते. इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘कोभ’ म्हटल्यास समोरचा गोंधळतो. उच्चार ‘कोव्ह’ असाच आहे. ११ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ने शेवटचा थांबा घेतला ते बंदर हेच. सेंट कोलमन कॅथेड्रलची चढण खडी आहे, ती आधी चढावी आणि बंदराकाठचे संग्रहालय उतरताना पाहावे.

खाण्याबाबत शाकाहारी वाचकांना तीन गोष्टी सांगणे जरूर आहे. न्याहारीच्या थाळीतील काळे ‘पुडिंग’ हे गोड नसते; त्यात प्राण्याचे रक्त असते, आणि पांढऱ्यात डुकराचे मांस. भाज्यांचे सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते. काही जुन्या दुकानांत बटाट्याचे तळलेले चिप्सही बैलाच्या चरबीत तळतात. तिन्ही ठिकाणी विचारून घ्यावे; विचारल्याचा राग कोणी मानत नाही. लहान गावांत रात्री साडेआठ-नऊनंतर गरम जेवण मिळणे कठीण होते. पबमध्ये मद्य न घेताही जेवता येते, चहाही मिळतो. मागणी बहुधा काउंटरवर जाऊन द्यायची असते. पबमधील प्रसाधनगृहांवर कधी कधी फक्त आयरिश शब्द असतात: ‘फिर’ म्हणजे पुरुष आणि ‘म्ना’ म्हणजे स्त्रिया. रोमन लिपीत ‘म्ना’ हा शब्द एम अक्षराने सुरू होतो, म्हणून पुरुष त्या दारात शिरतात.

नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटलीबंद पेयावर २०२४ पासून पंधरा किंवा पंचवीस सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली न चेपता दुकानातील यंत्रात टाकल्यास ती परत मिळते. आपण महाराष्ट्रातून आलो असे सांगितले की एखादा आजोबा मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेल्या लिओ वराडकरांचा विषय काढतो. ते दोनदा तेथील पंतप्रधान होते आणि त्यांच्याविषयी मते टोकाची असू शकतात. ऐकून घ्यावे आणि गाडीची वेळ सांभाळावी.

## टप्पा ८: कामाच्या शहरात परतणे

शनिवारी रात्री हवामान खात्याचा इशारा पाहावा. पिवळा असेल तर सावधगिरी पुरे. नारिंगी असेल तर रविवारची सकाळ सोडून पहिल्या गाडीने परतावे. लाल इशाऱ्यात बस आणि रेल्वे थांबवल्या जातात, त्यामुळे तो लागू होण्याआधीच, वेळ पडल्यास शनिवारी रात्रीच निघावे. ठरलेल्या गाडीनंतरही त्या दिवशी आणखी किमान एक गाडी असावी, म्हणजे शेवटची गाडी कधीही आपली नसावी.

तपासणी, रविवार संध्याकाळसाठी: शर्टाला इस्त्री झाली का? खोलीत इस्त्री नसेल तर स्वागतकक्षात मागावी. फिरण्याच्या आणि कामाच्या खर्चाच्या पावत्या वेगळ्या लिफाफ्यांत ठेवल्या का? बैठकीचे निमंत्रण भारतीय वेळेत दिसते की आयरिश, हे फोनमध्ये पाहिले का? तो रविवार मार्चचा किंवा ऑक्टोबरचा शेवटचा असेल तर त्याच पहाटे घड्याळे एक तास पुढे किंवा मागे गेलेली असतात, आणि भारतातून जोडले जाणारे सहकारी सोमवारी एक तास आधी किंवा नंतर बैठकीत येऊ शकतात. त्यांना आदल्या रात्रीच निरोप धाडावा.

उजेड असेपर्यंत खोलीपासून कार्यालयापर्यंत एकदा चालत किंवा ट्रामने जाऊन यावे आणि दार नेमके कोणत्या रस्त्यावर आहे ते पाहावे. सकाळी बसने जायचे असेल तर थांब्याचा क्रमांक टिपून ठेवावा, लीप कार्डात पैसे भरावेत, आणि बस दिसताच हात करावा.